कंडोम ‘तसल्यांसाठी’च?

कंडोम फक्त ‘तसल्यांसाठी’, हा समज पुण्यातल्याच संशोधनाने मोडीत काढला. 1993 ते 1996 दरम्यान शहरातील लैंगिक आजारांच्या दवाखान्यांत आलेल्या, देहविक्रय न करणाऱ्या स्त्रियांपैकी 13.6 टक्के एचआयव्हीबाधित आढळल्या; या स्त्रियांत बहुतेक विवाहित होत्या. म्हणजे धोका वस्ती पाहून येत नाही, आणि जोडीदारावरचा विश्वास ही काही तपासणी नव्हे. म्हणूनच ही माहिती वेळेवर मिळायला हवी. ती दिली तर मुले बहकतील, हा आक्षेप जुनाच. पण लैंगिक शिक्षणामुळे शरीरसंबंध लवकर सुरू होत नाहीत, असे युनेस्कोने अभ्यासांच्या आढाव्यातून दाखवले आहे. कंडोम शंभर टक्के हमी देत नाही, हे खरे: एचपीव्ही हा विषाणू आणि जननेंद्रियांवरची नागीण त्वचेच्या स्पर्शानेही पसरतात. तरीही दर वेळी वापरल्यास एचआयव्ही, गोनोरियाचा धोका खूप घटतो. शंका असल्यास एड्स हेल्पलाइनच्या 1097 या मोफत क्रमांकावर विचारा.