हलवणारा हात एकच

‘पीसी स्लो झालाय’ असं कुणी म्हटलं की एके काळी गल्लीतल्या कॉम्प्युटर रिपेअरवाल्यापासून कॉलेजात जाणाऱ्या भाच्यापर्यंत सगळे एकच सांगायचे: रात्री डीफ्रॅग लावून ठेव. मग पुढचा प्रश्न यायचा, कशाने लावायचं? विंडोजमध्ये आधीपासून असलेल्या साधनाने, की बाहेरून आणलेल्या नॉर्टन, डिस्ककीपर, डीफ्रॅग्लरने? हा वाद नेमका कशाबद्दल होता आणि आज त्यातलं काय उरलं आहे, हे संपादकांना समजून घ्यायचं होतं. दोन्हींची वैशिष्ट्यं शेजारी शेजारी मांडायला घेतली आणि माझं लक्ष विंडोजच्या गाभ्यातल्या एका लहानशा आज्ञेवर खिळलं. दोन्ही पक्षांचं प्रत्यक्ष काम शेवटी तीच करते. या लेखाचा मोठा भाग तिच्यासाठी आहे.

आधी दुखणं समजून घेऊ. हार्ड डिस्कवरची जागा क्लस्टर नावाच्या लहान कप्प्यांत विभागलेली असते. विंडोजच्या एनटीएफएस पद्धतीत एक क्लस्टर सहसा ४ किलोबाइटचा. फाइल लिहिताना सलग रिकामी जागा मिळाली तर उत्तम. नाही मिळाली, तर भरत आलेल्या एसटीत लग्नाचं वऱ्हाड चढावं तशी ती बसते: दोघं पुढे, चौघं मागच्या बाकावर, नवरदेवाचा मामा कंडक्टरशेजारी. फाइल पुरी असते, फक्त विखुरलेली असते. हे तुकडे पुन्हा सलग मांडणं म्हणजेच डीफ्रॅग.

या विखुरण्याची किंमत मोजता येते. मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या डिस्कचा एक फेरा ८.३ मिलिसेकंदांचा. हवा तो भाग डिस्क वाचणाऱ्या हेडखाली येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा जातो, म्हणजे ४.२ मिलिसेकंद. त्याआधी हेड योग्य ट्रॅकवर न्यायला साधारण ९. एका उडीला असे सुमारे १३ मिलिसेकंद लागतात. १०० एमबीची फाइल सलग असेल आणि डिस्क सेकंदाला १०० एमबी वाचत असेल, तर काम एका सेकंदात उरकतं. त्याच फाइलचे १००० तुकडे झाले असतील तर नुसत्या उड्यांमध्येच १३ सेकंद जातात. प्रोसेसर कितीही वेगवान आणला तरी हेडला जायचं ते अंतर जावंच लागतं.

इतिहास थोडक्यात असा. डॉसच्या काळात हे काम बाहेरच्या साधनांचंच होतं, आणि त्यांत पीटर नॉर्टन यांच्या कंपनीचं ‘स्पीड डिस्क’ घरोघरी माहीत होतं. ही कंपनी १९९० मध्ये सिमँटेकने घेतली. १९९३ मध्ये एमएस-डॉस ६ बरोबर मायक्रोसॉफ्टने ‘डीफ्रॅग’ दिलं, तेही सिमँटेककडूनच परवान्याने घेतलेलं. विंडोज २००० मधलं अंगभूत साधन म्हणजे एक्झिक्युटिव्ह सॉफ्टवेअर या कंपनीच्या डिस्ककीपरची छाटलेली आवृत्ती होती. ती वेळापत्रकावर चालत नसे, आणि एका वेळी एकच ड्राइव्ह घेत असे. पुरी आवृत्ती हवी तर पैसे मोजायचे. ‘विंडोजचं’ आणि ‘बाहेरचं’ अशी भिंत आपण घालत होतो, पण तिच्या दोन्ही बाजूंना बराच काळ तेच गवंडी होते.

आता त्या आज्ञेकडे येऊ. विंडोज एनटी ३.५१ च्या काळात चालू यंत्रावर एखादी फाइल सुरक्षितपणे हलवण्याची सोयच नव्हती. डिस्ककीपरला त्यासाठी विंडोजच्या गाभ्यातल्या फाइलींची बदललेली आवृत्ती सोबत द्यावी लागे. १९९६ मध्ये आलेल्या एनटी ४.० मध्ये ही सोय थेट गाभ्यातच आली. गंमत म्हणजे त्या आवृत्तीत डीफ्रॅगचं साधन नव्हतंच, होत्या त्या फक्त आज्ञा, आणि त्यांची अधिकृत माहितीही कुठे छापलेली नव्हती. सिसइंटर्नल्सचे मार्क रुसिनोविच यांनी त्या शोधून, समजावून जगापुढे मांडल्या. पुढे त्यांनी ‘कॉन्टिग’ हे एकेक फाइल सलग करणारं छोटं साधनही लिहिलं.

या आज्ञा तीन. पहिली विचारते: डिस्कवर कुठली जागा रिकामी आहे? उत्तर येतं ते दर क्लस्टरला एक बिट अशा नकाशाच्या रूपात. ५०० जीबीच्या डिस्कवर सुमारे १२ कोटी क्लस्टर असतात, तरी हा नकाशा जेमतेम १५ एमबीत मावतो. दुसरी विचारते: या फाइलचे तुकडे कुठेकुठे आहेत? तिसरी, जिच्यासाठी हा लेख आहे ती, म्हणजे मूव्ह फाइल. तिला चार गोष्टी सांगायच्या: कुठली फाइल, तिच्यातल्या कितव्या क्लस्टरपासून, डिस्कवर कुठे, आणि किती क्लस्टर. बस.

मला भारावून टाकलं ते यापुढच्या भागाने. फाइल सिस्टम आधी मजकुराची नव्या जागी प्रत करते, मग फाइलच्या नोंदीत नवा पत्ता लिहिते, आणि त्यानंतरच जुनी जागा मोकळी करते. नकाशा वाचल्यानंतरच्या क्षणात दुसऱ्या कुठल्या प्रोग्रॅमने ती रिकामी जागा पटकावली असेल, तर आज्ञा सरळ नकार देते. फाइल होती तिथेच राहते, एक बाइटही इकडचा तिकडे होत नाही. तुम्ही त्याच वेळी ती फाइल उघडून त्यात टंकत असलात तरी चालतं. लाखो वेळा, कुणाचं लक्ष नसताना, घरातल्या लग्नाच्या फोटोंपासून पगाराच्या हिशेबापर्यंत सगळं या आज्ञेने उचलून ठेवलं आहे. सॉफ्टवेअरच्या जगात इतका सावधपणा क्वचित दिसतो, आणि त्याचं कौतुक त्याहून क्वचित होतं.

म्हणजे बाहेरचं साधन विकत घेतलं तरी फाइली हलवणारा हात विंडोजचाच राहतो. विकत मिळते ती योजना: कुठली फाइल आधी, कुठली कुठे, आणि कधी थांबायचं.

योजना लिहिणाऱ्यांनी खरोखर डोकं लावलं, हे मान्य करायला हवं. डिस्कच्या बाहेरच्या कडेला एका फेऱ्यात जास्त मजकूर वाचला जातो, म्हणून नेहमी लागणाऱ्या फाइली तिकडे न्याव्यात, असा विचार पुढे आला. जेरोन केसेल्स यांच्या मोफत ‘जेकेडीफ्रॅग’ने फाइलींचे तीन विभाग पाडले: सुरुवातीला फोल्डरच्या नोंदी, मग रोजच्या फाइली, आणि शेवटी मोठ्या पण क्वचित लागणाऱ्या जागाखाऊ फाइली. ‘डीफ्रॅग्लर’ने यादी समोर ठेवून हवी तेवढीच फाइल निवडू दिली. विंडोज चालू असताना ज्या फाइलींना हात लावता येत नाही, उदाहरणार्थ पेजफाइल, त्यांच्यासाठी काही साधनं यंत्र सुरू होतानाच काम करून घेत. विंडोज एक्सपीच्या अंगभूत साधनाला काम पुरं करायला १५ टक्के मोकळी जागा लागे. काठोकाठ भरलेल्या डिस्कवर बाहेरची साधनं उजवी ठरायची ती इथे.

पण एकाच घरात दोन योजना असल्या की भांडण लागतं. एक्सपी स्वतःच यंत्र सुरू होताना लागणाऱ्या फाइलींचा क्रम लेआउट.आयएनआय या फाइलीत लिहून ठेवे आणि यंत्र रिकामं असताना त्याप्रमाणे मांडणी करे. बाहेरच्या साधनाने आपल्या हिशेबाने त्या दुसरीकडे नेल्या की काही दिवसांनी विंडोज त्या पुन्हा परत आणे. एकाची मेहनत दुसरा पुसत राही.

विंडोज व्हिस्टाने घेतलेला निर्णय मला या सगळ्या इतिहासात सर्वांत शहाणपणाचा वाटतो, आणि त्याच निर्णयावर सर्वांत जास्त टीका झाली. रंगीत नकाशा गेला, टक्केवारी गेली. साधन दर बुधवारी रात्री एक वाजता, इतर कामांना अडथळा न करता, आपोआप चालू लागलं. आणि त्याने एक मर्यादा आखली: ६४ एमबी किंवा त्याहून मोठा तुकडा असेल तर त्याला हात लावायचा नाही. यामागचं गणित वरच्याच हिशेबातून येतं. ६४ एमबी वाचायला त्या काळच्या डिस्कला साधारण एक सेकंद लागे. त्यापुढे एका उडीचे १३ मिलिसेकंद म्हणजे सव्वा टक्का. तेवढ्यासाठी जीबीच्या जीबी उचलून ठेवणं म्हणजे डिस्कला फुकटचे कष्ट. बाहेरच्या साधनांना शून्य तुकडे दाखवायचे असत, कारण ग्राहक त्या आकड्याचे पैसे देत होता. अंगभूत साधनाला काही विकायचं नव्हतं, म्हणून ते ‘पुरे’ म्हणू शकलं.

जास्त हलवण्याचे तोटे खरे आहेत. विंडोजचे रिस्टोअर पॉइंट, म्हणजे यंत्र आधीच्या स्थितीत परत नेण्यासाठी ठेवलेल्या खुणा, डिस्कवरचे बदल १६ किलोबाइटच्या ठोकळ्यांत टिपतात. ४ किलोबाइटचे क्लस्टर सरसकट इकडेतिकडे केले की ही यंत्रणा त्यालाच मजकुरातला बदल समजते, राखीव जागा भरते आणि जुने रिस्टोअर पॉइंट पुसले जातात. ज्या रात्री यंत्र नीटनेटकं झालं, त्याच रात्री मागे फिरण्याची वाट बंद झाली, असं अनेकांच्या बाबतीत घडलं. चांगल्या कंपन्यांनी पुढे यासाठी वेगळी सोय दिली, पण ती चालू करायची हे किती जणांना ठाऊक असणार?

मग एसएसडी आली आणि प्रश्नाचा पायाच बदलला. तिच्यात हेड नाही, फेरे नाहीत. कुठलाही तुकडा सुमारे ०.१ मिलिसेकंदात हाती येतो, म्हणजे त्या १००० तुकड्यांसाठी जास्तीचा खर्च सेकंदाचा दहावा भाग. शिवाय विंडोजला दिसणारा पत्ता आणि चिपवरची खरी जागा यांचा संबंध ड्राइव्हचा कंट्रोलर सतत बदलत असतो. पडद्यावर सलग दिसणारी फाइल आत सलग असेलच असं नाही. आणि फ्लॅश चिपवर लिहिण्याच्या वेळा मर्यादित असतात, त्यामुळे प्रत्येक वायफळ हलवाहलव आयुष्यातून वजा होते. विंडोज ७ ने एसएसडीवरचं वेळापत्रकी डीफ्रॅग बंद केलं. विंडोज ८ ने साधनाचं नावच ‘ऑप्टिमाइझ ड्राइव्ह्ज’ केलं. एसएसडीवर ते मुख्यतः ट्रिमची सूचना पाठवतं, म्हणजे कुठली जागा आता रिकामी आहे हे ड्राइव्हला कळवतं.

तरी इथेही सगळं सरळ नाही. मायक्रोसॉफ्टचे स्कॉट हॅन्सलमन यांनी २०१४ मध्ये कंपनीतल्या अभियंत्यांना विचारून लिहिलं की रिस्टोअर पॉइंट चालू असतील तर विंडोज महिन्यातून एकदा एसएसडीही डीफ्रॅग करतं. फाइलचे तुकडे फार वाढले तर त्यांच्या नोंदी ठेवण्याची मर्यादा संपते आणि फाइल वाढूच शकत नाही, हे त्याचं एक कारण. २०२० मध्ये विंडोज १० च्या एका आवृत्तीत हे साधन आपण शेवटचं कधी चाललो ते विसरू लागलं आणि गरजेपेक्षा जास्त वेळा चाललं. त्याच वर्षी दुरुस्ती आली. अंगभूत असल्याने ते निर्दोष ठरत नाही.

माझी मोठी काळजी मात्र वेगळी आहे. डीफ्रॅगच्या साधनाला सगळ्या डिस्कवर हात फिरवण्याचा अधिकार द्यावा लागतो. २००० साली जर्मनीत डिस्ककीपरच्या कंपनीच्या सायंटॉलॉजीशी असलेल्या संबंधांवरून शंका निघाल्या, आणि मायक्रोसॉफ्टला ते साधन विंडोज २००० मधून काढण्याची रीत जाहीर करावी लागली. शंका रास्त होती की नव्हती हा वेगळा मुद्दा. इतका अधिकार कुणाच्या हाती देतो, हा प्रश्न मात्र रास्तच होता. दहा वर्षांनी त्याचं भयंकर रूप दिसलं. डीफ्रॅगमेंटरच्या वेषात आलेल्या बनावट प्रोग्रॅमांनी ‘हार्ड डिस्क खराब’ अशा खोट्या सूचना दाखवल्या, लोकांच्या फाइली अदृश्य केल्या आणि त्या ‘परत मिळवण्याचे’ पैसे मागितले. मायक्रोसॉफ्टने या टोळीला फेकसिसडेफ असं नाव दिलं. यंत्र जलद व्हावं ही साधी इच्छा असलेली माणसं त्यात लुबाडली गेली.

म्हणून घरच्या कॉम्प्युटरसाठी माझं उत्तर ठाम आहे. एसएसडी असेल तर विंडोजचं साधन चालू राहू द्या आणि बाहेरचं काही बसवू नका. जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तरीही विंडोजचंच पुरे. एखादी मोठी फाइल खरोखर अडत असेल तर कॉन्टिगसारखं नेमकं साधन तेवढ्यापुरतं वापरा. आणि डिस्क कुरकुरत असेल, डिस्क स्वतःच्या तब्येतीबद्दल देते त्या ‘स्मार्ट’ अहवालात बदललेल्या सेक्टरांचा आकडा वाढत असेल, तर कुठलंही डीफ्रॅग तिच्यावर चालवू नका. आजारी डिस्कवर तासन्‌तास वाचन-लेखन करवणं हे तिचं उरलेलं आयुष्य खर्चणं आहे. मूव्ह फाइल कितीही सावध असली तरी तिला मेलेला सेक्टर वाचता येत नाही. अशा डिस्कवर वाचनाची जेवढी ताकद उरली आहे, ती सगळी दुसऱ्या डिस्कवर प्रत काढण्यात लावा.