बीडचा बोंबील आणि पोलंडचा कार्प

बीड जिल्ह्याला समुद्र नाही. मुंबईचे बंदर रस्त्याने सुमारे चारशे किलोमीटर दूर. तरीही जिल्ह्यातील कोणत्याही मोठ्या गावच्या आठवडी बाजारात मिरची-मसाल्याच्या पालांपलीकडे एक ओळ अशी असते, की ती डोळ्यांआधी नाकाला कळते. ताडपत्रीवर ओतलेली सुकट, जुड्या बांधलेले बोंबील, पाटीत झिंगे. गिऱ्हाईक मूठभर सुकट तळहातावर घेते, वाळू आहे का ते पाहते, वास घेते आणि मगच भाव विचारते.

समुद्रापासून इतक्या दूरच्या माणसाच्या ताटात मासळी कशी पोचते, याचे उत्तर शोधताना युरोपातील एका देशाची आठवण होते. पोलंडला उत्तरेकडे बाल्टिक समुद्राचा किनारा आहे. पण दक्षिणेतील क्राकुफसारखे जुने शहर ग्दान्स्क बंदरापासून रस्त्याने सुमारे सहाशे किलोमीटर अंतरावर आहे. शीतगृहे नव्हती त्या काळी तिथवर ताजा मासा पोचणे अशक्यच होते. पोचत असे तो हेरिंग, पिंपात मिठाचे थर देऊन भरलेला.

बीडच्या बाजारात वाळवलेला मासा आणि पोलंडमध्ये खारवलेला, हा फरक केवळ आवडीचा नाही. हेरिंग हा तेलकट मासा. असा मासा उघड्यावर वाळवला, तर त्यातील तेल हवेशी संयोग पावून खवट होते. शिवाय बाल्टिकच्या थंड, दमट हवेत उन्हाचा भरवसा नाही. म्हणून मीठ. बोंबिलाचे नेमके उलट. ताज्या बोंबिलात ८५ ते ९० टक्के पाणीच असते आणि चरबी नगण्य. डोल जाळ्यात आलेला बोंबील काही तासांत नरम पडतो. पण कोकणच्या कोरड्या वाऱ्यात आणि कडक उन्हात तो दोन-चार दिवसांत खडखडीत होतो. वर्सोवा, उत्तन, अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर बांबूंच्या वलांड्या उभारून, दोन-दोन बोंबिलांचे जबडे एकमेकांत अडकवून ते दोरीवर टांगले जातात. पाणी उडून गेल्यावर जे उरते, त्यात शंभर ग्रॅममागे सुमारे ६० ग्रॅम प्रथिने असतात. वजनाला हलका, टिकायला दणकट आणि विजेशिवाय साठवता येणारा हा जिन्नस म्हणूनच घाट चढून आत येऊ शकला.

याची सर्वात मोठी गरज ज्याला आहे, तो बीडचा ऊसतोड कामगार. दिवाळीच्या आगेमागे लाखो माणसे कोयता आणि बिऱ्हाड घेऊन पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील कारखान्यांकडे निघतात. फडाजवळच्या कोपीत शीतकपाट नसते आणि पहाटे उठून भाकरी थापणाऱ्या बाईला कालवणासाठी वेळही नसतो. निखाऱ्यावर भाजलेला बोंबील, त्यावर ठेचा आणि बाजरीची भाकरी, एवढ्यावर दुपार निघते. सवड असेल त्या दिवशी सुकट तव्यावर कोरडी भाजून, चोळून, पाखडून घ्यायची आणि कांदा-लसणावर परतून वर शेंगदाण्याचा कूट टाकायचा. कोकणातील सुक्या मासळीच्या पदार्थांत ओले खोबरे आणि कोकम हमखास येते. बीडच्या चुलीवर त्या जागी कूट, चिंच आणि काळा मसाला आहे. मासा समुद्राचा, पण चव कोरडवाहू शिवाराची.

पोलिश घरातील हेरिंगही असाच मुक्कामाच्या गावाची चव घेतो. खारट हेरिंग आधी पाण्यात किंवा दुधात भिजवून त्याचे मीठ उतरवतात, मग कच्च्या कांद्यासह तेलात मुरत ठेवतात. जुन्या रीतीत हे तेल जवसाचे असते. जवसाची चटणी ज्यांच्या घरी रोज कुटली जाते, त्या मराठवाड्यातील वाचकांना हे ताट फार परके वाटू नये.

पोलंडमध्ये मासळीचा खरा मान २४ डिसेंबरच्या रात्री असतो. नाताळच्या या पूर्वसंध्येला विगिलिया म्हणतात. आकाशात पहिली चांदणी दिसली, की कुटुंब मेजाभोवती जमते. मेजावरील पांढऱ्या कापडाखाली वाळक्या गवताच्या चार काड्या असतात. येशूच्या बारा शिष्यांची आठवण म्हणून बारा पदार्थ मांडायचे, आणि त्यांत मांस नाही. बीटचे आंबूस सूप, कोबी आणि अळंब्यांच्या सारणाचे पिएरोगी, हेरिंग, खसखशीचे गोड पदार्थ आणि मध्यभागी कार्प मासा, तळलेला किंवा थंड जेलीत गोठवलेला. कार्पचा एक खवला पैशाच्या पाकिटात ठेवला, की वर्षभर बरकत राहते असाही समज आहे. कार्प जिवंत विकत आणून दोन दिवस घरच्या न्हाणीच्या टबात ठेवण्याची पद्धत विसाव्या शतकात शहरांतून रूढ झाली. मुलांनी त्या माशाला नाव ठेवायचे आणि मग तो खायला नकार द्यायचा, हा तिथल्या अनेक घरांतला ठरलेला प्रसंग. आता तुकडे करून मिळणारा मासा घेण्याकडे कल वाढला आहे.

येथे एक गंमत ध्यानात घेण्यासारखी आहे. कॅथलिक परंपरेत मांस वर्ज्य असलेल्या दिवशी मासा चालतो. किंबहुना त्या दिवसांमुळेच माशाला प्रतिष्ठा मिळाली आणि मध्ययुगात मठांनी कार्पची तळी खोदली. बीडमध्ये वाराची आणि श्रावणाची बंधने मटणाइतकीच मासळीलाही लागू. गळ्यात माळ असलेल्या वारकऱ्याच्या घरी तर प्रश्नच नाही. तिथे मासा उपवासाचा सोबती झाला, इथे तो आखाडात उरकून घ्यायचा.

पोलंडचा हा कार्प म्हणजे बीडच्या मासळी बाजारातील सायप्रिनस. जात तीच. १९३९ मध्ये त्याचा एक वाण श्रीलंकेतून निलगिरीत आणला गेला. पण तो थंड हवेचा. मैदानी प्रदेशात वाढणारा वाण १९५७ मध्ये बँकॉकहून आला आणि पुढे तळी-धरणांतून देशभर पसरला. त्याच १९५७ च्या जुलैत डॉ. हिरालाल चौधुरी यांनी ओडिशात रोहू वर्गातील माशांचे इंजेक्शनद्वारे प्रजनन साधले. या दोन घटनांनी मराठवाड्यातील धरणांची मासळी ठरवली, असे म्हणता येईल.

रोहू, कटला आणि मृगळ हे वाहत्या, पुराच्या पाण्यात अंडी घालणारे मासे. धरणाच्या साचलेल्या पाण्यात ते वाढतात, पण सहसा विणत नाहीत. म्हणून सिंदफणा नदीवरील माजलगाव धरण असो की मांजरा नदीवरील धनेगावचे, पावसाळ्यात बोटुकली आणून सोडावी लागते आणि मच्छीमार सहकारी संस्थेचे पुढील वर्ष त्यावर अवलंबून असते. सायप्रिनस मात्र काठच्या पाणवनस्पतींवर अंडी चिकटवून साचलेल्या पाण्यातही वाढतो. चिलापीही तशीच. त्यामुळे बोटुकली सोडण्यात खंड पडला, की जाळ्यात हे दोनच मासे जास्त येऊ लागतात आणि दराची घसरण सुरू होते.

बीडमध्ये असा खंड पाडते ती अवर्षणाची साथ. माजलगाव धरणाची एकूण क्षमता ४५४ दशलक्ष घनमीटर, त्यातील १४२ दशलक्ष घनमीटर मृतसाठा. २०१५-१६ च्या दुष्काळात मांजरा धरण कोरडे पडले. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे अनेकांच्या स्मरणात आहे. नळ आणि टँकरच्या त्या बातम्यांत भोई समाजाच्या चुलीचा उल्लेख क्वचितच आला. पाणी आटू लागले, की उरलेली मासळी मरण्याआधी एकदम काढावी लागते. आठ-पंधरा दिवस बाजारात मासाच मासा, भाव मातीमोल. नंतर जाळी घरात गुंडाळलेली. पुढच्या पावसाने धरण भरले तरी बोटुकलीचा विक्रीयोग्य मासा व्हायला वर्षभर तरी जाते. शेताचा पंचनामा होतो. पाण्याखालच्या पिकाचा करायचा कसा, हे अवघडच. मरळ तेवढी या हवामानाला सरावलेली. तिला हवेतून श्वास घेता येतो, चिखलातही ती तग धरते. आणि म्हणूनच खवय्ये तिला जास्त पैसे मोजतात, असे गमतीने म्हणायला हरकत नाही.

धरणाच्या माशाला चिखलाचा वास येतो, ही तक्रार दोन्ही देशांत सारखी. पाण्यातील शैवाल व सूक्ष्म जीवाणू जिओस्मिन नावाचे द्रव्य तयार करतात, ते माशाच्या अंगात मुरते. पोलिश गृहिणी कार्पचे तुकडे कांद्याबरोबर दुधात भिजवते. बीडमध्ये हळद-मीठ चोळून चिंचेच्या कोळात ठेवतात. आम्लामुळे जिओस्मिनचे विघटन होते, तेव्हा चिंचेची ही रीत शास्त्राला धरूनच आहे.

मासळीपलीकडेही ही दोन ताटे एकमेकांना ओळखतात. पोलंडमध्ये फ्लाकी नावाचे सूप आहे, जनावराच्या पोटाचे. बीडमध्ये त्याच भागाची वजडी. काशांका ही रक्त आणि धान्य भरलेली आतडी, चेर्निना हे बदकाच्या रक्ताचे सूप, मराठवाड्यात रक्ती. पोलंडमध्ये चेर्निनाची गणना राष्ट्रीय पाककलेत होते. मराठवाड्यातील रक्ती, वजडी आणि चान्यांना मात्र शाहू पाटोळे यांच्या ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या २०१५ मधील पुस्तकापर्यंत छापील पाककृतींत जवळपास जागाच नव्हती. पदार्थ तोच, कुणाच्या घरी शिजतो, यावर त्याची योग्यता ठरली.

महाराष्ट्राने पोलिश कुटुंबे दुरून पाहिलेली नाहीत. १९४० पासून सोव्हिएत राजवटीने पूर्व पोलंडमधून हद्दपार केलेल्या लोकांपैकी सुमारे पाच हजार, बहुतांशी स्त्रिया व मुले, इराणमार्गे कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथे आली. १९४३ ते १९४८ या काळात पंचगंगेच्या परिसरात त्यांची छावणी होती. शाळा होत्या, चर्च होते. बीड तेव्हा निजामाच्या राज्यात होते. कार्पचा मैदानी वाण भारतात यायला अजून दहा-पंधरा वर्षे होती, त्यामुळे पंचगंगेत तो मिळणे शक्य नव्हते. विगिलियाच्या मेजावर एक ताट रिकामे ठेवण्याची पोलिश रीत आहे, अवचित येणाऱ्या पाहुण्यासाठी. सायबेरियात आणि युद्धात माणसे गमावलेल्या घरांत त्या ताटाकडे पाहुण्याचे म्हणून कोणी पाहत नसे.