पोलिसांची पेन्शन आणि लेकींची भरती

आटपाडीत पहाटे पोलीस भरतीसाठी पळणाऱ्या लेकी आपण बघतो. भरतीत महिलांना ३० टक्के आरक्षण आहे. पण जागा किती निघणार, ते सरकारी तिजोरीवरही ठरतं.

१ नोव्हेंबर २००५ पूर्वी लागलेल्या पोलिसांची पेन्शन दरवर्षी बजेटमधून दिली जाते. आपल्या गटासारखी साठवलेली बचत तिच्यामागे नसते. त्यानंतर लागलेल्यांच्या पगारातून १० टक्के कापतात, सरकार १४ टक्के घालतं. म्हणजे तिजोरीवर दोन्ही खर्च एकदम.

पेन्शन थांबवता येत नाही. रिकामी जागा मात्र तशीच ठेवता येते, आणि तिचं काम उरलेल्यांवर पडतं. म्हणून आमदारांना विचारा : आपल्या ठाण्यात मंजूर पदं किती, भरलेली किती?