भुसा बघा, मग खताचं बोला

द्राक्षाचं एखादं झाड पिवळं पडलं की बागाईतदाराचा पहिला संशय मॅग्नेशियमवर जातो. मग ठिबकमधून खत, वरून फवारणी. निफाडकडच्या एका जुन्या बागेत ज्या मावशींबरोबर ओळीओळीने फिरलो, त्यांनी पानाकडे पाहिलंच नाही. त्या वाकल्या आणि बुंध्याजवळची माती चाळवू लागल्या. तिथे लाकडाचा भुसा पडला होता. चिमूट दाबून म्हणाल्या, "वला हाय. अळी आत जित्ती हाय, भाऊ."

वर खोडाला छिद्र होतं. टोक वाकवलेला सायकलचा स्पोक त्यांनी आत सरकवला, फिरवला, ओढला. पिवळट पांढरी, बिनपायांची, तपकिरी डोक्याची अळी बाहेर आली. मग औषधात भिजवलेला बोळा कोंबून छिद्र चिखलाने बुजवलं. औषध वरून कितीही मारलं तरी लाकडाच्या आत पोचत नाही, हे मावशींना कुणी शिकवावं लागलं नव्हतं.

हा सेलोस्टर्ना, मूळचा बाभळीवरचा खोडकिडा. भुसा बाहेर टाकतो म्हणून सापडतो तरी. माझ्या मते खरा घातकी दुसरा, स्ट्रोमॅशियम. तो भुसा बोगद्यातच ठासून भरतो. साल वरून शाबूत, आत नुसतं पीठ. ओलांडा, म्हणजे वेलीची आडवी फांदी, सुकायला लागतो तेव्हा कुठे कळतं, आणि तोवर उशीर झालेला असतो. त्याची मादी सुट्या सालीखाली, फटींमध्ये अंडी घालते. म्हणून पावसाळ्यात जुन्या खोडांची सुटी साल खरवडून काढायची. काम किचकट, मजुरी खाणारं. पण ते टाळून बाग टिकत नाही. पहिल्या पावसानंतर स्ट्रोमॅशियमचे भुंगेरे बाहेर पडतात. ते रात्री उडतात आणि उजेडाकडे येतात. तेव्हा बागेत प्रकाश सापळे लागलेले हवेत.

आणि एक गोष्ट दिसते सगळीकडे, बोलत मात्र कुणी नाही. पोखरलेली खोडं उपटून बांधावर सरपण म्हणून रचलेली असतात. स्ट्रोमॅशियमला वाळलेलं लाकूडही चालतं. अळी त्या ढिगातच वाढते आणि पुढच्या पावसात भुंगेरा शेजारच्या ओळीत परततो. तेव्हा ते सरपण पावसाआधी जाळून संपवा.