इंग्रजी पत्राचा मायना

सोलापुरांतील एखाद्या टॉवेल विणणाऱ्या कारखानदाराचा माल परदेशीं गेला, तिकडील व्यापाऱ्यानें निम्मी रक्कम अडकवून ठेवली आणि ती मागण्यासाठीं इंग्रजींत पत्र लिहावयाचें आहे, अशी कल्पना करावी. कारखानदार आरंभीं त्या गृहस्थाच्या प्रकृतीची विचारपूस करितो, मग जुन्या स्नेहाचें स्मरण देतो आणि अखेरीस ‘काइंडली डू द नीडफुल’ असें लिहून मोकळा होतो. वाचणाऱ्यास पत्र सौजन्याचें वाटतें. पण नेमकें काय करावयाचें तें उमजत नाहीं, आणि पैसे जेथल्या तेथें राहतात.

येथें चुकतें तें व्याकरण नव्हे, मायना. मराठींत मायन्याची परंपरा मोठी आहे. हेमाडपंताच्या नांवावर मोडणाऱ्या मेस्तकांतही पत्रलेखनाचे नियम सांपडतात. जन्मदात्यास ‘तीर्थरूप’, पित्यासमान इतरांस ‘तीर्थस्वरूप’, इतका सूक्ष्म भेद मराठी माणूस पाळीत आला. त्याचा आदर विशेषणांत असतो. इंग्रजींतील ‘डियर सर’ मात्र मित्रास, परक्यास आणि ऋण बुडविणाऱ्यासही सारखेंच लागतें. त्यांतील ‘डियर’मध्यें प्रेम शोधूं नये. ब्रिटिश अमदानींतील सरकारी पत्रांच्या शेवटचें ‘युवर ओबीडिअंट सर्व्हंट’ वरिष्ठ अधिकारीही कनिष्ठास लिहीत. येथील अर्जदारांनीं मात्र तें दास्य अक्षरशः मनावर घेतलें, आणि ‘आय मोस्ट हंबली बेग’चा सुकाळ झाला. १९४७ सालीं राज्य गेलें, तरी ही लीनता शाळेच्या रजेच्या अर्जांत मागें राहिली.

संबोधन आणि समारोप यांची जोडी ठरलेली असते. ‘डियर सर’ किंवा ‘डियर मॅडम’ असा आरंभ असल्यास शेवटीं ‘युवर्स फेथफुली’. नांवानें संबोधिलें असल्यास ‘युवर्स सिन्सिअरली’. ही ब्रिटिश रीत होय. अमेरिकेंत ‘सिन्सिअरली’ पुरतें. दुसऱ्या शब्दाचें आद्याक्षर लहान काढावें.

खरी अडचण नांवाची. मराठींत मान पहिल्या नांवास लागतो: रमेशराव, सुमनताई. इंग्रजींत ‘मिस्टर’ आडनांवास लागतें. म्हणून ‘डियर मिस्टर रमेश’ हें तिकडे विचित्र दिसतें. त्यांतच आपल्या दाखल्यांवर आडनांव आधीं छापण्याची चाल आहे. ‘कुलकर्णी रमेश’ अशी सही करणाऱ्यास उत्तर ‘मिस्टर रमेश’ म्हणून आलें, तर दोष परक्याचा नव्हे. आडनांव शेवटीं लिहावें.

तारखेंत महिना अक्षरांनीं लिहावा. ५-४ म्हणजे येथें पांच एप्रिल. अमेरिकेंत चार मे. पैशांच्या मुदतीच्या पत्रांत हा महिन्याचा घोळ परवडत नाहीं. मांडणीचें बंड आतां शमलें आहे. सर्व ओळी डाव्या समासापासून सुरू कराव्या, एवढें पुरे. ई-मेलमध्यें पत्ते गळतात, विषय वर जातो. संबोधन आणि समारोप मात्र राहतात.

तेव्हां कारखानदाराच्या पत्राचें पहिलें वाक्य बीजकाचा क्रमांक, दिनांक आणि एकूण रक्कम यांचें असावें. दुसऱ्यांत किती पोंचले व किती येणें आहे, तिसऱ्यांत बाकी कोणत्या तारखेपर्यंत कोणत्या बँकेंत भरावी. त्याखालीं ‘युवर्स फेथफुली’ आणि सही. प्रकृतीची विचारपूस करावयाचीच असेल, तर ती पैसे पोंचल्याच्या पावतीबरोबर पाठवावी.