चांदोरचं ब्रागांझा घर

- साष्टी तालुका, दक्षिण गोवा. चांदोर म्हणजे जुनं चंद्रपूर, कदंबांची एकेकाळची राजधानी.
- घर दुमजली, दर्शनी बाजूला खिडक्यांची लांबलचक रांग. कुटुंबाच्या दोन शाखा, दोन भाग: पश्चिमेला मिनेझिस ब्रागांझा, पूर्वेला ब्रागांझा परेरा.
- पूर्वेकडे खासगी चॅपेल. तिथे सेंट फ्रान्सिस झेवियर यांचं म्हणून जपलेलं नख.
- पश्चिमेकडे लुईस द मिनेझिस ब्रागांझा (१८७८–१९३८) यांचा मोठा ग्रंथसंग्रह. हे पत्रकार पोर्तुगीज सत्तेचे कडवे टीकाकार होते.
- अशा घरांचा वारसाहक्क: गोव्यात आधी १८६७ची पोर्तुगीज नागरी संहिता. मुलगा-मुलगी समान वाटेकरी. निम्मी मालमत्ता मृत्युपत्र करूनही वारसांपासून तोडता येत नाही. आता २०१२चा गोव्याचा स्वतंत्र कायदा, तत्त्व तेच.