मागे ट्रेलर असताना रात्रीचं हॉटेल कसं निवडायचं? गूगल मॅप्सला न समजणाऱ्या गोष्टी

अमेरिकेत एमएसला किंवा नोकरीला गेलेला एखादा तरी मित्र, चुलतभाऊ तुमच्या ओळखीत असेलच. उन्हाळा आला की त्याच्या स्टेटसवर फोटो येतो: पुढे एसयूव्ही, मागे जोडलेला छोटासा कॅम्पर ट्रेलर आणि खाली नॅशनल पार्कचं नाव. आपल्याकडे खाजगी गाडीला ट्रेलर जोडून फिरायला जाणं जवळपास नाहीच, त्यामुळे या प्रकरणात नेमकं काय अवघड असतं याचा अंदाज येत नाही. तिकडे नवीन गेलेल्यांनाही येत नाही.

पहिला प्रश्न साहजिक आहे. झोपायची सोय मागेच आहे, मग हॉटेल कशाला? कारण कॅम्पर लावायला वेळ लागतो. कॅम्पग्राउंडवर जागा शोधा, ट्रेलर समतल करा, गाडीपासून सोडवा, वीज-पाणी जोडा, आणि सकाळी हे सगळं उलट्या क्रमाने करा. पार्कमधे चार दिवस राहायचं असेल तर ठीक, पण वाटेतल्या एका रात्रीच्या सात तास झोपेसाठी दोन तासांची हमाली परवडत नाही. म्हणून जाता-येताना हॉटेल आणि पोचल्यावर कॅम्पिंग, असं बरेच जण करतात.

हे हॉटेल निवडताना आपण सवयीने रेटिंग, किंमत आणि ब्रेकफास्ट बघतो. ट्रेलर मागे असेल तर हा क्रम बदलावा लागतो. आधी पार्किंग, मग पोचायची वेळ, आणि खोली सगळ्यात शेवटी. फोनवरची अ‍ॅप्स मात्र नेमकी खोलीच आधी दाखवतात.

मॅप्सची वेळ तुमची वेळ नाही

उदाहरण म्हणून शिकागोहून साउथ डकोटातल्या बॅडलँड्स नॅशनल पार्कला जायचं धरू. रस्ता जवळपास सगळा आय-९० चा. पहिली रात्र मिनेसोटातल्या अल्बर्ट ली या गावात काढली, तर दुसऱ्या दिवशी कुठपर्यंत जाता येईल?

इथे एक छान युक्ती आहे. या रस्त्यावर मिनेसोटा आणि साउथ डकोटात एक्झिटचे नंबर म्हणजेच मैल असतात आणि ते राज्याच्या पश्चिम सीमेपासून मोजतात. अल्बर्ट लीचा एक्झिट १५७, म्हणजे मिनेसोटाची हद्द संपायला १५७ मैल. साउथ डकोटात आय-९० एकूण ४१२ मैल आणि मिसूरी नदीकाठच्या चेंबरलेनचा एक्झिट २६३, म्हणजे तिथे १४९ मैल. एकूण ३०६ मैल, साधारण ४९० किलोमीटर. नेट नसलं तरी तोंडी हिशोब जमतो.

मॅप्स याला चार तासांपेक्षा थोडं जास्त सांगेल. साउथ डकोटात आय-९० वर ताशी ८० मैलांची मर्यादा आहे आणि मॅप्सचा अंदाज त्या रस्त्यावर बाकीच्या गाड्या ज्या वेगाने जातात त्यावर बांधलेला असतो. तुम्ही त्या वेगाने जाऊ शकत नाही. ट्रेलरच्या टायरवर 'एसटी' असं लिहिलेलं असतं आणि त्यातल्या बऱ्याच टायरची कमाल मर्यादा ताशी ६५ मैल असते. कॅलिफोर्नियासारख्या राज्यात तर काहीही ओढणाऱ्या गाडीला कायद्यानेच ५५ ची मर्यादा आहे. सरासरी ६० धरली की प्रवास पाच तासांच्या वर जातो.

आता इंधन. एकटी गाडी गॅलनला २० मैल देत असेल तर ट्रेलर जोडल्यावर १० च्या आसपास द्यायला लागते. टाकी १८ गॅलनची असेल तर हाताशी १८० मैल, त्यातले १३० झाले की पंप शोधायला लागायचं. म्हणजे वाटेत दोनदा पेट्रोल, एकदा जेवण आणि प्रत्येक वेळी पंपावर ट्रेलरसकट आत-बाहेर. एकेका थांब्याला २५ मिनिटं धरा. सव्वाचार तासांचा रस्ता साडेसहा तासांचा होतो, आणि त्यात समोरून प्रेअरीचा वारा असेल तर आणखी थोडा.

मी वापरतो ते सूत्र सोपं आहे: मॅप्सची वेळ गुणिले १.२५, अधिक दर थांब्याला २५ मिनिटं. उत्तर सात तासांच्या पुढे गेलं तर हॉटेल अलीकडच्या गावात घ्यायचं. सकाळी नऊला निघून चारच्या सुमारास पोचणं हे ध्येय. हे आळशीपणासाठी नाही. थकलेल्या माणसाने अंधारात, अनोळखी पार्किंगमधे ट्रेलर रिव्हर्स घेणं हा या प्रवासातला सगळ्यात वाईट क्षण असतो. ट्रेलर रिव्हर्समधे स्टिअरिंगच्या उलट दिशेने वळतो, आणि जास्त वळला तर गाडीच्याच कोपऱ्यावर येऊन आदळतो.

मॅप्समधे कार, बाईक, चालत असे पर्याय आहेत, पण 'मागे ट्रेलर आहे' हे सांगायची जागा नाही. आरव्ही लाइफसारखी खास अ‍ॅप्स उंची, वजन, लांबी विचारून रस्ता देतात, पण त्यांना वर्गणी लागते. पूर्वेकडे जाणार असाल तर ती वसूल होते. न्यूयॉर्कच्या पार्कवेवर ट्रेलरला बंदी आहे आणि तिथले बरेच पूल ठेंगणे आहेत. आय-९० सारख्या सरळ रस्त्यासाठी मात्र मी पैसे घालवणार नाही.

पार्किंग आकाशातून बघा

हा सगळ्यात कामाचा भाग. समजा एसयूव्ही १६ फूट, ट्रेलर दांड्यासकट २० फूट, एकूण ३६ फूट. अमेरिकेत पार्किंगचा एक चौकोन साधारण १८ फूट लांब असतो, म्हणजे एकापुढे एक असे दोन मोकळे चौकोन जेमतेम पुरतात. अट एकच: मधे कठडा किंवा झाड नको, एका बाजूने आत शिरून सरळ पुढून बाहेर पडता आलं पाहिजे.

हॉटेलच्या फोटोंत हे कधीच दिसत नाही. तिथे उशा दिसतात. म्हणून मॅप्समधे हॉटेल उघडा, लेयरमधून सॅटेलाइट निवडा आणि झूम करा. लॉटमधून इमारतीला पूर्ण फेरी मारता येते की शेवटी भिंत आहे, हे बघा. मग लॉटच्या कडेला बोट दाबून पिन टाका, खालचं कार्ड वर सरकवा आणि 'अंतर मोजा' निवडा. दोन टोकांमधे ४०-४५ फूट सरळ मिळाले की काम झालं. त्याच चित्रात एखादा ट्रक किंवा ट्रेलर उभा दिसला तर उत्तमच, लोक तिथे आधीपासून थांबतात याचा पुरावा मिळाला.

सॅटेलाइट चित्र जुनं असू शकतं, म्हणून नंतर स्ट्रीट व्ह्यू उघडा आणि तारीख वाचा. प्रवेशद्वारासमोरचं छप्पर किती उंच आहे तेही तिथेच दिसतं. कमी वाटलं तर चेक-इनला त्याच्याखाली गाडी न्यायचीच नाही.

दोन हॉटेलं पसंत पडली की प्रत्येकाचा स्क्रीनशॉट घेऊन ठेवा. ऑफलाइन मॅप डाउनलोड केला तरी त्यात सॅटेलाइट चित्र येत नाही, आणि साउथ डकोटात रेंज जायला फार वेळ लागत नाही.

मग फोन करा. हो, बोलायचा फोन. बुकिंग साइटवर 'स्पेशल रिक्वेस्ट'च्या रकान्यात ट्रेलर लिहिलं तरी ती विनंतीच असते, हमी नव्हे. ब्रँडच्या कॉल सेंटरला नाही, थेट त्या हॉटेलच्या डेस्कला लावा आणि विचारा: ३६ फूट लांबीची गाडी रिव्हर्स न घेता उभी करता येईल का, संध्याकाळी लॉट किती वाजता भरतो, रात्री कॅमेरा कुठल्या बाजूला असतो. हायवेवरची बरीच मोटेल्स गुजराती कुटुंबांची आहेत, त्यामुळे हे संभाषण हिंदीत संपलं तर आश्चर्य वाटून घेऊ नका.

रात्री ट्रेलर जागेवर राहावा म्हणून

ट्रेलरला इंजिन लागत नाही, त्यामुळे दुसरी गाडी जोडून पळवणं सोपं असतं. गाडीपासून तो सोडवूच नका. जिथे तो गाडीला जोडला जातो त्या हिचला आणि वरच्या पकडीला, दोन्हींना कुलूप लावा. शक्य असेल तर ट्रेलरचं दार भिंतीकडे येईल असं उभं करा.

'आत एअरटॅग टाकलाय' यावर फार भिस्त ठेवू नका. एअरटॅगमधे जीपीएस नसतं. ते ब्लूटूथचा सिग्नल सोडतं, जवळून जाणारा एखादा आयफोन तो पकडतो आणि स्वतःची जागा ॲपलच्या नेटवर्कला कळवतो. हॉटेलच्या लॉटमधे हे मस्त चालतं, पण निर्मनुष्य माळरानावर पकडायला फोनच नसतो. शिवाय पाळत रोखण्यासाठीची सूचना चोराच्या फोनवरही येऊ शकते. सिमकार्डवाला जीपीएस ट्रॅकर जास्त भरवशाचा, पण त्याचं दरमहा भाडं असतं. कुलूप आधी, ट्रॅकर नंतर.

तारीख आणि घड्याळ

बुकिंग फ्री कॅन्सलेशनचंच घ्या, थोडं महाग पडलं तरी. टायर फुटला किंवा वादळ आलं तर शंभर मैल अलीकडे थांबता येतं. कॅन्सल करायची मुदत सहसा हॉटेलच्या स्थानिक वेळेनुसार असते. साउथ डकोटात मर्डो आणि कडोका यांच्या दरम्यान टाइम झोन बदलतो. चेंबरलेन सेंट्रलमधे, वॉल माउंटनमधे. पश्चिमेकडे जाताना एक तास फुकट मिळतो, परतताना तो जातो, म्हणून परतीचा त्या दिवसाचा टप्पा छोटा ठेवा.

ऑगस्टच्या सुरुवातीला जाणार असाल तर तारखा पुन्हा बघा. तेव्हा रॅपिड सिटीजवळ स्टर्जिसला मोटरसायकलवाल्यांचा प्रचंड मेळावा भरतो आणि आसपासची हॉटेलं भरलेली आणि महाग असतात. चेंबरलेन किंवा मिचेलला रात्र काढली तर हा त्रास कमी होतो, आणि दुसऱ्या दिवशी चेंबरलेनहून एक्झिट १३१ पर्यंत, म्हणजे बॅडलँड्सच्या फाट्यापर्यंत, जेमतेम १३२ मैल उरतात. दुपारच्या आत पोचता. तिथल्या सेज क्रीक कॅम्पग्राउंडवर बुकिंग नसतं, आधी येईल त्याला जागा मिळते, त्यामुळे हे लवकर पोचणं कामी येतं. पाणी मात्र बरोबर न्यायचं.

पुढे यलोस्टोनला जायचं असेल तर वायोमिंगमधली रात्र कुठे काढता यावर घाट ठरतो. बिगहॉर्न डोंगर ओलांडायला शेरिडनच्या पुढून यूएस-१४ आणि त्याचा फाटा १४-ए आहे, तर बफेलो गावातून यूएस-१६. नकाशात सगळे सारखेच दिसतात. पण १४-ए वर १० टक्क्यांचे उतार आहेत, ट्रेलरच्या ब्रेकचा तिथे धूर निघतो. यूएस-१६ ची खिंडही ९,६६६ फुटांवर आहे, पण चढ-उतार त्यामानाने सौम्य. त्यामुळे मॅप्सने शेरिडनचं स्वस्त हॉटेल कितीही सुचवलं तरी बफेलोत थांबा, रात्रीच टाकी भरून ठेवा आणि सकाळी घाटात शिरण्याआधी ट्रेलरचे दिवे, साखळ्या आणि टायरची हवा बघून घ्या.